गप्प बसलेली कार्डं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कुळीथ निवडणं. रविवारची संध्याकाळ होती. माझ्या बहिणीने गावाहून पिशवी पाठवली होती. कुळथातला खडा कुळथाच्याच रंगाचा असतो, ज्याने निवडलेत त्याला ठाऊक. ही, म्हणजे माझी बायको, भिंतीला पाठ लावून बसली होती. मांडीवर एक ताट, बाजूला दुसरं. बाकीच्या बायका एकाच ताटात बोटं फिरवतात आणि खडा दिसला की उचलून फेकतात. हिला ते चालायचं नाही. चिमूटभर उचलायचं, डोळ्यांसमोर धरायचं, चांगलं ते दुसऱ्या ताटात टाकायचं. पहिल्या ताटातून काही फेकायचं नाही. माझं काम पुढचे चिमूटभर तिच्या हाताशी सरकवायचं. अर्ध्या किलो कुळथाला आम्हाला दीड तास लागला.

मध्येच मान वर न करता तिने विचारलं, "त्या यादीचा राग अजून आहे का? हो की नाही, तेवढंच सांगा."

मी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. ती मग म्हणाली, "सरकवा पुढचे."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिसात तिच्या छातीत दुखायला लागलं. मी इस्पितळात पोचलो तेव्हा तिचा जीव गेला होता.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही, आता कागदावर कशाला मारू? आम्ही 'ही' म्हणत आलो. मी ऐंशीला टेकलो. शिक्षण चौथी. लिहिण्यातलं मला कळत नाही, पण बाई कशी होती ते माझ्याशिवाय सांगणारं कोणी उरलं नाही. मूलबाळ आम्हाला झालं नाही.

बाई विक्षिप्त होती. मेली म्हणून मी ते झाकणार नाही.

बघायला गेलो होतो तेव्हाचीच गोष्ट. तिच्या मामाने चारचौघांत विचारलं, "काय गो, मुलगा पसंत ना?" अशा वेळी मुलगी खाली बघते. खाली बघितलं की झालं, सुपारी फोडतात. सगळ्या कोकणात हीच रीत, गप्प बसली म्हणजे कबूल. ही मामाकडे सरळ बघून म्हणाली, "हो." एवढ्या मोठ्याने, की ओटीवर कोणाचा तरी चहा सांडला. परतताना होडीत माझी आई त्या मुलीबद्दल म्हणाली, "चेडू फटकळ आसा." मला मात्र बरं वाटलं होतं. कोणी तोंडाने मला पसंत म्हटल्याची ती पहिलीच वेळ. शेवटचीही तीच.

आग्रह हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. माझी बहीण पहिल्यांदा घाटकोपरच्या खोलीवर आली. जेवताना हिने विचारलं, "भात वाढू?" बहीण रीतीप्रमाणे म्हणाली, "नको गो वयनी, पोट भरला." झालं. भाताचा टोप उचलून ही आत गेली. बहीण ताटावर हात धरून बसली, आता येईल, मग येईल. ही आतून टोप घासून बाहेर आली. बस स्टॉपवर बहीण मला म्हणाली, "तुझ्या बायलेन माका उपाशी उठयल्यान रे!" घरी येऊन मी चिडलो तर ही म्हणाली, "मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. आता काय त्यांच्या पोटात शिरून बघू?"

मी कापडाच्या गिरणीत साचेखात्यात होतो, मागांवर. पाळीचं काम, ही खोलीत एकटी. सातवी पास होती, म्हणून टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. परीक्षा दिली, पास झाली आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कॉम्प्युटरच्या ऑफिसात तिला नोकरी मिळाली. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काय ते आमच्या चाळीत कोणालाच माहीत नव्हतं. शेजारणी विचारायच्या, "वहिनी, तुमच्याकडे भविष्य पण सांगतात का?" ही म्हणायची, "नाही."

काम असं होतं. कारखाने, औषधवाले, आणखी कोण कोण आपल्या याद्या कागदावर पाठवायचे. त्यातला एकेक माणूस ही एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून उतरवायची. मग ती कार्डं मशीनला खायला घालायची. मशीनने काय करायचं ते लिहून देणारे एक साहेब होते. मुलुंडचे, सडपातळ, खिशात कायम बडीशेप. त्यांच्या हाताखाली दोन-तीन शिकाऊ.

त्या याद्या चाळायच्या असायच्या. शंभरातून दहा काढा, हजारातून साठ काढा. ते कसं करतात हे तिने मला एकदा रविवारी समजावलं. "एक मोठा प्रोग्रॅम असतो. तो सगळी कार्डं घेऊन बसतो. त्याला दम आहे, अक्कल नाही. म्हणून त्याच्या हाताशी एक छोटा द्यायचा. मोठा एक कार्ड उचलतो, छोट्याला हाक मारतो, 'हा ठेवू?' छोट्याने हो किंवा नाही म्हणायचं. मग दुसरं कार्ड, परत हाक. शेवटपर्यंत."

"आणि छोट्याला मध्येच काही सांगायचं असलं तर?"

"हाक मारल्याशिवाय बोलायचं नाही. मी तुमच्या आईसमोर राहायचे तशी."

"तू?" मी म्हटलं. एवढा हसलो की ठसका लागला.

एकदा यादी चुकीची यायला लागली आणि साहेबांना चूक सापडेना. ही कार्डांचा ट्रे ठेवायला आत गेली होती. म्हणाली, "साहेब, तुम्ही मोठा व्हा, मी छोटा होते. कागदावर लिहिलंय तेवढंच करते. बघू कुठे अडतं ते." अर्ध्या तासात सापडली. तेव्हापासून कोणाचीही यादी बिघडली की साहेब हाक मारायचे, "बाई, या, छोटा व्हा." ही स्टुलावर येऊन बसायची. शिकाऊ पोरं साहेबांना घाबरत नसतील एवढी हिला घाबरायची, कारण ही त्यांच्या मनात काय होतं ते बघायची नाही. लिहिलंय काय ते बघायची.

एका शिकाऊला औषधवाल्याच्या यादीतून अंधेरीची दुकानं काढायची होती. यादी आली तर सगळीच अंधेरीची. हिला बसवलं. पहिलं कार्ड बोरिवलीचं. हिने पेन्सिल घेतली, बोरिवली खोडलं, वर अंधेरी लिहिलं आणि म्हणाली, "हो."

"अहो बाई, हे काय करताय!"

"तुम्हीच लिहिलंय. ह्याचं गाव अंधेरी आहे का, असं कुठे विचारलंय? ह्याचं गाव अंधेरी कर, असं लिहिलंय. केलं. आता आहेच अंधेरी, म्हणून हो."

तो पोरगा कागद बघत राहिला. ही म्हणाली, "बोरिवलीचं दुकान बसल्या बसल्या अंधेरीत आणलंत. हमाली तरी द्या."

असलं सगळं ती घरी घेऊन यायची. मी चहाच्या वेळी म्हणायचो, "दूध आहे का?" ती म्हणायची, "मी विचारलं चहा घेणार का. तुम्ही मलाच प्रश्न दिलात. मशीनला काहीही हातात मिळालं की ते हो धरतं." आणि कप पुढे. एकदा तिच्या भावाचं पत्र आलं, मे महिन्यात सगळे येऊ का म्हणून. मी म्हटलं, "बघू, उद्या सांगतो." मे महिन्यात भाऊ, भावजय आणि चार पोरं दारात उभी. मी तिला बाजूला घेतलं. "मी उद्या सांगतो म्हटलं होतं ना गं!"

"काहीतरी सांगितलंत ना? काहीतरी म्हणजे हो."

"आणि काहीच सांगितलं नसतं तर?"

"तर नाही."

पंधरा दिवस दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ माणसं राहिलो.

एकदा तिने तांदूळ निवडून दुसऱ्या ताटात ठेवले आणि नळावर गेली. मी आपला मदत करायला गेलो आणि पहिल्या ताटातले उरलेसुरले शिजत टाकले. पहिल्याच घासाला दाढ गेली. मी गाल धरून बसलोय आणि ही हसतेय. "आज ऑफिसात हेच झालं! चाळून चांगली यादी तयार झाली, ती राहिली तिथेच आणि ह्यांनी जुनीच छापून पाठवली. पहिलं ताट आपोआप चांगलं होत नाही हो, ते आहे तसंच राहतं." दाढेचं तिला काही नव्हतं.

रॉकेलच्या रांगेतली गोष्ट तर सगळ्या गल्लीला पाठ होती. दुकानाचा माणूस रांगेच्या कडेने चालत रेशनकार्डं तपासायचा. शिक्का नसला की बाईला बाहेर काढायचा. हिच्या पुढची बाहेर गेली, रांग पुढे सरकली, ही त्या मोकळ्या जागेत आली. तो माणूसही तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकून हिच्या मागचीकडे गेला. हिने डबा खाली ठेवला. "मला विचारलं नाही."

"तुझं कार्ड बरोबर आहे ना बाई? मग?"

"माझं बरोबर आहे. पण तुम्ही मला विचारलं नाही. एक बाहेर काढलीत की तिच्या मागची सुटतेय. सगळ्या रांगेत हेच चाललंय."

मागच्या बायका ओरडल्या, "ए, गप्प राहा ना गं! सुटतोय तर सुटू दे!" अर्ध्या बायकांकडे शिक्का नव्हता ना. त्या दिवशी रॉकेल मिळालं, पण चार दिवस कोणी हिच्याशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हिने आठ माणसं पॅसेजमध्ये रांगेत उभी केली, साहेबांना चालायला लावलं आणि त्यांच्या प्रोग्रॅममधून माणसं कशी निसटतात ते दाखवलं. साहेब म्हणाले, "म्हणजे उभ्या रांगेतून कोणाला काढायचंच नाही."

"काढूच नका. चांगला असेल त्याला दुसऱ्या रांगेत नेऊन उभा करा."

मग आमची गिरणी बंद पडली.

त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. मी चाळीच्या गॅलरीत बसायला लागलो. माझ्याबरोबर भिकू. भिकू माझ्याच गावचा. गिरणीत त्याचे साचे माझ्या साच्यांना लागून होते, सोळा वर्षं एका आवाजात काढली. मी बायकोच्या पगारावर जेवायचो आणि तिला ताट जोरात ठेवलंस म्हणून ओरडायचो. ती ताट कधीच जोरात ठेवत नव्हती.

तेवढ्यात अंधेरीच्या एका कारखान्याला साठ माणसं हवीत असं कळलं. मशीनवर दहा वर्षं काम केलेलं हवं आणि वय पंचेचाळीस पूर्ण झालेलं नको. आमच्या गिरणीतल्या झाडून सगळ्यांनी अर्ज केले. आमचे दोघांचे अर्ज हिनेच भरले, गॅलरीत बसून. जन्मतारखेशी आली तेव्हा मी म्हटलं, "दोन वर्षं पुढची टाक."

"शाळेचा दाखला जोडलाय."

"टाक गं, कोण बघतो!"

तिने खरी टाकली. पंचेचाळीस होऊन मला चार महिने झाले होते. मी म्हटलं जाऊ दे, हजारभर अर्ज येतील, चार महिने कोण मोजतोय.

अर्जात एक रकाना होता, मागच्या मालकाचा दाखला. गिरणीला कुलूप. दाखला देणार कोण, दरवान? आम्ही सगळ्यांनी तो कोरा सोडला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दाखला नसला तर गिरणीच्या हजेरीकार्डाचा नंबर चालेल. तो आम्ही लिहिला.

ते अर्ज चाळायचं काम हिच्याच ऑफिसात आलं. मला तेव्हा देव पावल्यासारखं वाटलं. मी तिला काही सांगितलं नाही. नवऱ्याने असं सांगायचं असतं का? तिला कळायला नको?

हजार कार्डांना हिनेच भोकं पाडली. मशीन त्या ऑफिसचं नव्हतं, दुसरीकडे तासावर मिळायचं. साहेब जाऊन यादी काढून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्याला द्यायची होती. हिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "साहेब, ह्यात गिरणीतला एकही माणूस नाही."

"नसतील बसत नियमात."

"गिरणीतल्या दोनशे अर्जांतला एकही नाही?"

साहेब म्हणाले, "बाई, चूक असती तर मशीन अडलं असतं."

"अडत नाही, तीच तर पंचाईत आहे," ही म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "तुम्ही मोठा. वाचा."

साहेब वाचायला लागले. दाखला आहे, वर्षं बारा, वय अडतीस. ही म्हणाली, "हो." दाखला आहे, वर्षं सहा. "नाही." मग गिरणीतल्या एकाचं कार्ड आलं. दाखला नाही. ही गप्प.

"बोला बाई."

गप्प.

"अहो, हो की नाही?"

"दाखला असला तर काय करायचं ते तुम्ही लिहिलंय. नसला तर काय, ते लिहायचं राहिलंय. मी काय बोलू? लिहून दिलंय तेवढंच मी बोलणार."

साहेबांनी कपाळाला हात लावला. छोटा काही बोलला नाही की मोठा ते 'नाही' धरतो आणि पुढे जातो. घंटा वाजत नाही, दिवा लागत नाही. आमच्याकडे गप्प बसलेली मुलगी नांदायला जाते. तिथे दोनशे माणसं गप्प बसली म्हणून घरी बसणार होती. पोराबाळांचे बाप होते सगळे.

मशीनची वेळ परत मिळणार नव्हती. म्हणून त्या गप्प बसलेल्या कार्डांचा गठ्ठा बाजूला काढला आणि हाताने चाळायला बसले. साहेबांनी राहिलेली ओळ कागदावर लिहिली, दाखला नसेल तर हजेरीकार्डाचा नंबर बघा. ते मोठे, ही छोटी. भिकूचं कार्ड आलं. नंबर आहे, वर्षं सोळा, वय त्रेचाळीस. "हो."

काही वेळाने माझं आलं.

साहेबांनी नाव वाचलं आणि थांबले. आडनाव तेच. "बाई, हे तुमचे..."

"वाचा."

"नंबर आहे. वर्षं एकवीस." साहेबांनी वय वाचलं नाही. म्हणाले, "बाई, चारच महिने आहेत. गावच्या शाळेत तारखा कशाही लिहितात."

"वय वाचा, साहेब."

त्यांनी वाचलं. ती म्हणाली, "नाही."

त्या संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तिने मला हे सांगितलं. लपवायची म्हणून नाहीच. "तुमचं कार्ड आलं होतं. मी नाही म्हटलं. भिकूभावोजींचं झालं. गिरणीतल्या चौदा जणांचं झालं."

मला आधी कळलंच नाही. मग मी उभा राहिलो. "तू नाही म्हटलंस? तू?"

"मी."

"साहेब वाट काढून देत होता ना? तोंड उघडायचीस कशाला? गप्प बसायचं होतंस!"

"गप्प बसले असते तरी नाहीच झालं असतं."

"मग हो म्हणायचं होतंस!"

"उद्या गेटवर दाखले तपासतील. माझ्या नवऱ्याचं वय जास्त निघालं की म्हणतील, यादी घरात बसून केलीय. मग तुमच्याबरोबर ते चौदाही बाहेर."

"चौदांचं मला सांगू नकोस! मी तुझा कोण?"

तिने भात लावला. शेजारी सगळे ऐकत होते, कोणाच्या घरात भांडं वाजत नव्हतं. मी तिच्या कुळाचा उद्धार केला. तिच्या ऑफिसचा, मशीनचा केला. शेवटी म्हटलं, "पोर नाही झालं ते बरंच झालं. त्यालाही हो की नाही विचारून उपाशी ठेवलं असतंस."

हे मी बोललो. लिहून ठेवतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की विक्षिप्त तीच होती.

भिकूला नोकरी लागली. पेढे घेऊन आला. त्याला कसलाच पत्ता नव्हता. मी दार लावून घेतलं. तो बराच वेळ बाहेर उभा होता. मला फटीतून त्याचे पाय दिसत होते. नंतर तो आला नाही आणि मी गेलो नाही. हिच्याशी मी गणपतीपासून दिवाळीपर्यंत बोललो नाही. ती रोज विचारायची, "जेवणार?" मी गप्प. ती ताट वाढायची नाही. पहिले दोन दिवस मी उपाशी राहिलो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "हो." तेवढाच शब्द दिवाळीपर्यंत चालला.

पुढे मला एका सोसायटीत वॉचमनची नोकरी मिळाली. दिवस गेले. बोलणं सुरू झालं, हसणंही झालं. पण ती गोष्ट आमच्यात तशीच राहिली. वर्षातून एकदा तरी ती विचारायची, राग आहे का. मी चष्मा पुसायचो. पाच वर्षं झाली. खरं सांगू? राग पहिल्याच वर्षी गेला होता. पण गेला असं म्हटलं की ती बरोबर होती असं होणार, आणि ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. गिरणीने मला बाहेर काढलं, कारखान्याने आत घेतलं नाही. घरात तरी माझं खरं असावं, एवढंच होतं.

आणि मग तो सोमवार.

साहेबच तिला टॅक्सीतून इस्पितळात घेऊन गेले होते. मी पोचलो तेव्हा ते बाकावर बसले होते, हातात तिची पर्स. मला बघून उठले. मग ते म्हणाले, "तुम्हाला एक विचारू? त्यांनी तुम्हाला त्या दिवसाचं सगळं सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. नाही म्हटलं म्हणून."

"त्यानंतरचं?"

"त्यानंतर काय?"

साहेब पर्सच्या बंदाशी चाळा करत होते. "नाही म्हटल्यावर मी पुढचं कार्ड वाचलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, माझीच ओळ परत राहिली की काय. मी त्याच्या पुढचं वाचलं. तरी नाही. मी वर बघितलं तर त्यांना ऐकूच येत नव्हतं. मग त्या उठल्या, नळावर जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन बसल्या. म्हणाल्या, 'साहेब, मघाची दोन परत वाचा. त्यांचं नुकसान नको.'"

मी बाकावर बसलो. तिने मला हे सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, आणि विचारलं नाही ते ती सांगायची नाही.

संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. चाळीतली माणसं बसली होती, बहिणीला तार केली. लोक काय काय बोलत होते. मला ऐकू येत होतं ते एवढंच, की पाच वर्षं चाळीने तिला नवऱ्याच्या पोटावर पाय देणारी बाई म्हटलं आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी उठलो. शेजारचे नाना दारात आडवे आले. "सुतकात कुठे निघालात? तिसऱ्या दिवसापर्यंत घर सोडू नये." मी म्हटलं, "येतो." अनवाणीच निघालो. अंधेरीची पहिली बस पकडली. कंडक्टरने माझ्या पायांकडे बघितलं आणि तिकीट फाडलं.

त्या कारखान्याच्या गल्लीत मी पाच वर्षांत पाय ठेवला नव्हता. सोसायटीच्या कामाने अंधेरीला जायचो तेव्हा लांबच्या रस्त्याने जायचो. पहिल्या पाळीची माणसं येत होती. तीन-चार चेहरे गिरणीतले. मला बघून त्यांनी नजर वळवली. मग भिकू आला, हातात डबा. केस पांढरे झाले होते.

"काय रे?" तो म्हणाला. "तू हयसर खय?"

"ही काल गेली."

त्याने डबा खाली ठेवला. "वयनी? आणि माका कोणी कळवल्यान नाय?"

"कळवायला मी तुझ्याशी बोलत होतो कुठे?"

तो माझ्या दंडाला धरायला आला, मग सुतक आठवून थांबला. मग आठवूनही त्याने धरलं.

मी म्हटलं, "ऐक. तुझं कार्ड पहिल्या यादीत गळलं होतं. तुझं, ह्या सगळ्यांचं. मशीनची चूक होती, कोणाला दिसली नव्हती. हिला दिसली. हिने बसून एकेकाचं हाताने परत काढलं. नाहीतर तुम्ही आज गॅलरीत असता माझ्याशेजारी."

भिकूचं तोंड उघडंच राहिलं. "आणि तुझा? तुझा कसा नाय झाला?"

आजूबाजूचे ते तीन-चार जण थांबले होते. बरं झालं. मी मोठ्यानेच बोललो, "माझं वय भरलं होतं. चार महिने वर झाले होते. तिने बरोबर केलं."

भोंगा झाला. माणसं पळाली. भिकू हलेना. डबा उचलून म्हणाला, "चल, मी येतंय तुझ्यावांगडा घराक."

"आत जा," मी म्हटलं. "खाडा पडेल."

"पडांदे."

"पडू देऊ नको. आत जा म्हणतो ना."

तो गेला. दोनदा मागे वळून बघितलं. वॉचमनने गेट ओढलं आणि माझ्याकडे येऊन विचारलं, "काका, काय काम होतं?"

"होतं," मी म्हटलं. "झालं."